दुपारच्या गाडीची पाळी

रस्त्यापलीकडची ज्वारी परत हुरड्यात आली आहे. सकाळी गेट उघडलं की आधी कणसं दिसतात, जड झालेली, वाऱ्याबरोबर सगळी एका बाजूला कलणारी. पाखरं उठवायला शेतमालकाने एका काठीला पत्र्याचा रिकामा डबा टांगला आहे, तो मधूनच वाजतो. दरवर्षी ही ज्वारी समोर उभी राहते आणि दरवर्षी मला वाटतं, यंदा काही आठवणार नाही. मग डबा वाजतो आणि मला बस आठवते. तसा ज्वारीचा आणि बसचा काही संबंध नाही. पण आमच्या कॉलनीच्या बसच्या फेऱ्या वाढल्या तो हाच हंगाम होता, आणि त्याच हंगामात माझी आई घरात बसून होती.

घरात बसून म्हणजे खरंच बसून. उंबऱ्याच्या आत.

आमची कॉलनी धाराशिव शहर आणि रेल्वे स्टेशन यांच्या मधल्या माळावर आहे. शहरात राहतो म्हणावं तर शहर लांब, खेड्यात राहतो म्हणायला कुणाची तयारी नाही. प्लॉट पाडले तेव्हा नकाशात बाग होती, देऊळ होतं, मुलांना खेळायला मैदान होतं. बाग आणि देऊळ अजून नकाशातच आहेत. मैदान मात्र आहे, कारण माळावर मैदान करायला काही करावं लागत नाही. बाबांनी इथली हवा बघून घर बांधलं. हवा खरंच चांगली आहे, इतकी की वाळत घातलेले कपडे शेजारच्या तालुक्यात शोधावे लागतील असं मी त्यांना म्हणायची. ते हसायचे आणि बसच्या मिटिंगला जायचे.

बसच्या मिटिंगा हा आमच्या कॉलनीचा सार्वजनिक उत्सव होता. सकाळी एक गाडी यायची, संध्याकाळी एक, आणि मधला सगळा दिवस नशिबावर सोडलेला. रिक्षा मिळाली तर मिळाली, कुणाच्या मोटरसायकलवर मागे बसायला मिळालं तर बसायचं, नाहीतर उन्हातून चालत जायचं. फेऱ्या वाढवा म्हणून निवेदनं दिली, शिष्टमंडळं गेली, आणि प्रत्येक वेळी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून पुढे. त्यांना स्वतःला कुठे जायचं नसायचं. निवृत्त झाल्यावर माणसाला काहीतरी मागायला हवं असतं, असं मला तेव्हा वाटायचं.

बाबा कार्तिकात गेले. घरोघरचे आकाशकंदील अजून उतरले नव्हते. नंतर भेटायला आलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, वेळेला गाडी असती तर. मी ऐकून घेतलं. गाडीचा काही संबंध नव्हता. बाबा झोपेतच गेले. सकाळी त्यांना उठवायला आई गेली होती, मी स्वयंपाकघरात डबा भरत होते. आतून हाक आली नाही, ओरडणं आलं नाही, बराच वेळ काहीच आलं नाही, म्हणून मी बघायला गेले. आई पलंगाच्या कडेला बसली होती आणि बाबांचा हात तिच्या मांडीवर होता. त्या सकाळबद्दल ती पुढे एक शब्द बोलली नाही. मीही विचारलं नाही.

मला रडू आलं नाही. लोकांना वाटलं, पोरगी खंबीर आहे. खंबीर बिंबीर काही नव्हते, मला काही होतच नव्हतं. दिवस झाल्यावर मी कामावर गेले. मी एका लॅबमध्ये रक्त घेते. दिवसभर लोकांना सांगत असते, मुंगी चावल्यासारखं होईल, मूठ आवळा, झालं. एकदा काचेची पट्टी हातात फुटली आणि टेबलावर लाल डाग दिसला तेव्हा मला कळलं की बोट माझंच कापलंय. मी ते नळाखाली धरलं आणि पाण्याचा रंग बदलताना बघत राहिले. संध्याकाळच्या गाडीने घरी आले, कुकर लावला, आईला जेवायला वाढलं. असे दिवस जात होते.

आमच्याकडे रीत आहे. नवरा गेलेल्या बाईने आपणहून घराबाहेर पडायचं नाही. तिच्या माहेरचं माणूस दुखवट्याचा आहेर घेऊन येतं, लुगडं नेसवतं आणि हाताला धरून तिला उंबऱ्याबाहेर काढतं, देवाला नेऊन आणतं. त्यानंतर ती मोकळी. हल्ली हे सगळं महिन्याभरात उरकून घेतात, कुणाकुणाकडे दिवसांच्या बरोबरच. आमचाही महिना ठरला होता. आईला एकच भाऊ, भूमला असतो, शेती करतो. दिवसांना येऊन गेला आणि परत गेल्यावर कडब्याच्या गंजीवरून पडला. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पाय वजनं लावून बांधला. मामाचा मुलगा फोनवर म्हणाला, मी येतो आत्याला बाहेर काढायला. तर पलंगावरून मामा ओरडलेला मला ऐकू आला, "म्या जित्ता हाय अजून! माजी भन हाय, म्याच काडीन!"

म्हणून आई थांबली. हाड जुळायची वाट बघत.

मी तिला म्हटलं, आई, आजकाल कोण बघतं हे. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मधल्या खोलीत ज्वारीची पत्र्याची कोठी आहे, तिच्याशेजारी भिंतीला पाठ लावून ती बसायची. दाराकडे पाठ व्हावी अशी तिरकी. सकाळी मी जाताना तशी, संध्याकाळी येताना तशी. जेव म्हटलं की जेवायची, नीज म्हटलं की निजायची. संक्रांत आली, गल्लीतून बायका वाण घेऊन जाताना बांगड्यांचा आवाज यायचा आणि आमच्या गेटपाशी आला की हळू व्हायचा. मला तिची काळजी वाटायला हवी होती. वाटत नव्हती असं नाही, पण ती एखाद्या दुसऱ्याच बाईची काळजी असावी तशी वाटायची, लॅबमध्ये पेशंटची वाटते तशी. एवढं मात्र मला दिसत होतं की ही बाई आणखी थोडे दिवस अशी बसली तर परत उठणार नाही. मामा आला तरी उठणार नाही.

आणि मग बस आली.

संक्रांतीनंतर आगारातून निरोप आला की स्टेशन ते शहर मार्गावर फेऱ्या वाढवल्या आहेत, दिवसभर दर अर्ध्या तासाला गाडी, पण प्रायोगिक तत्त्वावर. पाडव्यापर्यंत बघायचं. प्रवासी मिळाले तर कायम, नाहीतर पहिल्यासारखं. कॉलनीत पेढे वाटले. आमच्या घरीही दिले. मी बाबांच्या फोटोपुढे पेढा ठेवला आणि दुसऱ्या दिवशी मुंग्या लागल्यावर काढला.

आता गंमत ऐका. आमच्या लोकांना गाडीची वाट बघता येते, गाडी पकडता येते, लटकता येतं, खिडकीतून रुमाल टाकून जागा धरता येते. पण मागून आणखी एक गाडी येणार आहे, यावर विश्वास ठेवता येत नाही. जन्मात तशी सवयच नाही. पहिल्या दिवसापासून सगळी कॉलनी सकाळच्या पहिल्या गाडीवर तुटून पडायची. दारात पाय ठेवायला जागा नाही, डबे चेपलेले, म्हाताऱ्यांच्या चपला निघालेल्या. आणि अर्ध्या तासाने दुसरी गाडी यायची ती रिकामी. मी त्या रिकाम्या गाडीने जायची, कारण मला धावायचा कंटाळा होता. कंडक्टर उषाबाई विचारायच्या, "ताई, बाकीची मान्सं कुटं गेली तुमच्या गावची?" मी म्हणायची, पुढच्या गाडीत चेंगरून बसलीत.

सकाळ-संध्याकाळचं तरी हळूहळू जमायला लागलं. दुपारची गाडी मात्र पार रिकामी जायची. नोकरीवाले शहरात, पोरं शाळेत, बायका जरा आडव्या झालेल्या. डायव्हर, कंडक्टर आणि ऊन, एवढेच प्रवासी. अशीच धावली तर पाडव्याला बंद होणार, हे सांगायला कुणी ज्योतिषी नको होता.

यावर तोड काढली शिवमूर्ती अण्णांनी. अण्णा मूळचे मुरुमचे, तिथे त्यांचं किराणाचं दुकान होतं. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि रागावले की दोन्ही एकदम. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, पंच्याहत्तरी ओलांडलेली, त्यामुळे एसटीचा प्रवास फुकट. त्यांना शून्याचं तिकीट मिळायचं, ते ते घडी घालून खिशात ठेवायचे. म्हणायचे, शून्याचं असलं तरी तिकीटच हाय, मशीनमधी नोंद हुतीय. एका रविवारी त्यांनी मैदानात सगळ्यांना गोळा केलं.

"आमच्या गावाकडं मुक्कामी गाडी असायची," ते म्हणाले. "रात्री ऱ्हायची, फाटे जायची. डायव्हर-कंडक्टरला घरोघरून पाळीनं भाकरी जायची. एकाद्या घरची पाळी चुकली तर त्या घराला गावात तोंड दाखवायची सोय न्हाय. गाडी टिकवायची तर गाडीला जेवू घालावं लागतंय. तिथं भाकरी घालत हुतो. इथं मान्सं घालू."

म्हणजे असं की रोज दुपारच्या गाडीला ठरलेल्या काही घरांतून एकेक माणूस. काम असो नसो, बसायचं, शहरातल्या स्टँडवर जायचं, तिथून स्टेशनला, आणि परत दारात. लोक हसले. मग कुणीतरी म्हणालं, आमची आजी मोकळीच असते. कुणी म्हणालं, मी नाइट ड्युटीचा, दुपारी बसून झोपीन. पाळ्या लागल्या. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. आमचं घर मध्ये येत होतं.

अण्णा आमच्याकडे आले तेव्हा मी त्यांना दारातच थांबवलं. म्हटलं, "अण्णा, आमच्या घरचं जमायचं नाही. मी दिवसभर लॅबमध्ये. आणि आई..."

"म्हायती हाय मला," अण्णा खाली बघत म्हणाले. "अक्काचा भाऊ आला न्हाय अजून. तुमचं घर सोडतो, काय हुत न्हाय."

तेवढ्यात मागून आवाज आला. मला आधी कळलंच नाही कुणाचा, इतक्या दिवसांत तो वापरला गेला नव्हता.

"आमच्या घराची पाळी कधी हाय, अण्णा?"

आई भिंतीपाशीच बसलेली होती. वळली नव्हती. अण्णा उंबऱ्याच्या बाहेर चपला काढून उभे राहिले. मग ते तिच्या पाठीशी बोलल्यासारखे बोलले.

"अक्का, गाडीत बसायचं म्हंजे काय भाईर पडायचं न्हवं. खाली उतरायचंच न्हाय. थांबा तुमच्या फाटकासमोरच हाय. ह्या दारातून चढायचं, चक्कर मारायची, ह्याच दारात उतरायचं. परक्या जिमिनीला पाय लावायचाच न्हाय. गाडी बी एक खोलीच हाय की. चाकावरची."

 मी अण्णांकडे बघितलं, तर ते अगदी गंभीर होते. आयुष्यभर मापात पाप न करता दुकान चालवलेला माणूस अशी धडधडीत पळवाट काढत होता आणि त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलत नव्हती.

"उतरायचं न्हाय ना?" आईने विचारलं.

"न्हाय."

"मंग लावा."

मी घरी नसताना ती पहिल्यांदा कशी चढली, हे मला उषाबाईंनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. डोक्यावरून पदर, हातात किल्ली, फाटकापासून गाडीच्या पायरीपर्यंतची जागा तिने अंगणातच धरली. डावीकडची खिडकी धरून बसली. स्टँडवर गाडी लागली, सगळे उतरले, उषाबाई नोंद करायला गेल्या, आणि आई रिकाम्या गाडीत एकटी बसून राहिली. बाहेरून भेळवाला, चहावाला विचारून गेले, तिने मान हलवली. मग गाडी स्टेशनला गेली, तिथेही बसून. परत दारात उतरली आणि तशीच आत जाऊन भिंतीपाशी बसली. संध्याकाळी मी विचारलं, गेली होतीस? तर म्हणाली, "कुटं? गाडीत हुते."

पुढच्या पाळीला ती अर्धा तास आधीपासून पदर सावरून तयार होती. आणि मग शेजारच्यांची पाळीही तिने मागून घेतली, कारण त्यांच्या सुनेचे दिवस भरत आले होते. मग आणखी कुणाची. होता होता दुपारची गाडी आणि आई हे समीकरणच झालं. उषाबाई तिला काकू म्हणायला लागल्या. एकदा शहरातल्या चौकात चाक पंक्चर झालं. सगळे प्रवासी उतरून सावलीला गेले, आई काही उतरेना. उषाबाईंनी विनवलं, काकू, जॅक लावायचाय, गाडी वर उचलायची हाय. आई म्हणाली, उचला की. शेवटी डायव्हर म्हणाला, ऱ्हाऊ द्या, मायचं वजन असं किती असतंय. आईसकट गाडी वर उचलली, चाक बदललं, खाली ठेवली. हे सांगताना उषाबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होत्या. मला कळत होतं की हे हसण्यासारखं आहे. मी तोंडाने हसले.

एक दिवस मी अर्धी सुट्टी टाकून तिच्या शेजारी बसले. ऊन चढलं होतं, गाडीत आम्ही आणि झोपलेला नाइट ड्युटीवाला. खिडकीतून ज्वारी, मधेच हरभऱ्याचा तुकडा, करडईची पिवळी बोंडं. आई बघत होती. बाहेर बघणाऱ्या तिच्याकडे मी बघत होते. गालाची हाडं वर आली होती, हातातल्या बांगड्या गेल्याने मनगट वेगळंच दिसत होतं. मला वाटलं, आता काहीतरी वाटेल. काही वाटलं नाही. तेवढ्यात ती म्हणाली, "हरबरा चांगला आलाय न्हाय, शैले?" कुणी न विचारता, आपण होऊन. मी म्हटलं, हो, चांगला आलाय. एवढंच बोललो. पण गाडी स्टँडवर थांबली तेव्हा मला उतरून तिच्यासाठी उसाचा रस आणावासा वाटला, आणि खिडकीतून तिने तो घेतला आणि प्यायली.

मात्र घरी आलं की परत भिंत. तिरकं बसणं. गाडीत असताना ती कुणीतरी असायची आणि घरात आली की नसायची. बाहेर पडली नाहीस ना, असं तिला कुणी विचारलं असतं तर ती खुशाल शपथ घेऊन सांगू शकली असती, आणि माझी भीती तीच होती.

शिमग्याच्या आधी, दुपारीच, लॅबमध्ये अण्णांचा फोन आला. आवाज दबलेला. "पोरी, लगेच ये. तुजा मामा आलाय. दारात बसलाय. अक्का गाडीत हाय."

मी मिळेल त्या गाडीने, म्हणजे आता दर अर्ध्या तासाला मिळणाऱ्या गाडीने, पोचले. मामा पायरीवर बसला होता. काठी आडवी ठेवलेली, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीतून नव्या लुगड्याचा काठ दिसत होता. दाराला कुलूप. त्याच्या सोबतीला अण्णा येऊन बसले होते आणि दोघेही रस्त्याकडे बघत होते.

"शैले," मामा म्हणाला, "कुटं हाय माजी भन?"

"गाडीत."

"कुटं गेली?"

"कुठंच नाही. नुसती बसलीय. येईल चक्कर मारून."

मामाने अण्णांकडे बघितलं. अण्णा भस्म पुसल्यासारखं करून कपाळावरचा घाम टिपत राहिले.

"म्या दोन गाड्या बदलून आलो भूमहून. ह्यो असला पाय घेऊन. का? तर माजी भन वाट बघत आसंल. उंबऱ्यात बसून आसंल. आन इथं कुलूप." त्याचा आवाज चढला. "भाईर काडाय आलो तर बाई भाईरच! मंग म्या कशाला आलो?"

मी म्हटलं, "मामा, ती बाहेर पडलेली नाही. ती गाडीत आहे." आणि म्हणताना मला पहिल्यांदा जाणवलं की हे वाक्य किती वेडगळ आहे. मामा माझ्याकडे असा बघत होता जशी मी त्याची टिंगल करते आहे. पिशवी उचलून तो उठायला लागला. तो तसाच निघून गेला असता तर परत आला नसता. त्याच्या तोंडावरून कळत होतं. आणि बाहेर काढायला त्याच्याशिवाय माहेरचं दुसरं कुठलं माणूस आईला चालणार नव्हतं.

तेवढ्यात स्टेशनकडून गाडी आली. खिडकीत आई. तिने आधी आम्हाला बघितलं, मग भावाला, मग त्याच्या हातातली पिशवी. उतरली ती पायरी धरून, हळू. मामाने तोंड फिरवलं.

"दादा," ती म्हणाली, "तुजी आण. म्या भाईर पडले न्हाय. कुटं जिमिनीला पाय लावला न्हाय."

  मग तिने कमरेची किल्ली काढून कुलूप उघडलं, आत गेली, कोठीशेजारी भिंतीला टेकून बसली आणि दाराकडे पाठ केली. नेहमीसारखी तिरकी. पदर पुढे ओढला आणि थांबली.

पाठ दिसत होती फक्त. मामा दारातून त्या पाठीकडे बघत राहिला. मग त्याला कळलं असावं. काठी टेकत, दुखरा पाय उंबऱ्यावरून उचलून, तो आत गेला. त्याला खाली बसता येत नव्हतं, म्हणून उभ्यानेच त्याने लुगडं तिच्या खांद्यावर टाकलं.

"गोदे, ऊठ," तो म्हणाला. "चल माय. म्या आलोय."

त्यावर आईच्या घशातून जो आवाज आला तो मी आधी कधी ऐकला नव्हता. कार्तिकात यायला हवा होता तो. मामाने काठी सोडली, भिंतीचा आधार घेतला आणि तिचा हात धरून तिला उभं केलं. मी दारात होते. मी पायरीवर बसले. बाबा गेले होते. हे मला माहीत होतंच, पण त्या दिवशी ते मला लागलं. अण्णा हळूच फाटकाबाहेर निघून गेले.

आई आणि मामाने उंबरा ओलांडला. बाहेर आल्यावर मामाने विचारलं, "देऊळ कुटं हाय?"

"नकाशात," मी म्हणाले. मग डोळे पुसून सांगितलं, "शहरात आहे मामा. गाडीनं जावं लागेल."

आम्ही तिघं थांब्यावर बसलो. आई मध्ये, नवं लुगडं तसंच खांद्यावर, पाय मातीत. गाडी स्टेशनकडून आली ती रेल्वेचा लोंढा घेऊनच, दारात माणसं लोंबकळत होती. मामा लगेच काठी उगारून उठला. त्याच्या भागात एक गाडी चुकली की संध्याकाळपर्यंत बसावं लागतं. "ए, थांबीव! थांबीव!" तो ओरडला. आईने त्याच्या सदऱ्याची बाही धरली.

"बस दादा," ती म्हणाली. "ती भरलीय. जाऊ दे. पुढची येईल."

"पुढची? कवा?"

"यील की आत्ताच."

मामा निघून गेलेल्या गाडीच्या धुळीकडे बघत खाली बसला. त्याचा विश्वास बसलेला नव्हता. समोर ज्वारी काढायला झाली होती, काही वाफ्यांत काढून आडवी टाकलेली. डबा मधूनच वाजत होता. आई त्याची बाही धरूनच होती.

"रात्री म्हनले," ती बोलायला लागली, आणि मला कळलं की ती कोणत्या रात्रीबद्दल सांगते आहे, "उद्या गाडीची मिटिंग हाय. साहेब येनार हायती. सदरा काडून ठेव, आन मला लवकर उठीव. म्या म्हनलं, तुमाला कुटं जायचं आसतंय, तुमी कशाला सारकं गाडी गाडी करताव. तर म्हनले, मला न्हाय गं. शैली उनातनं येती ना."

 मामाने तिच्या हातावर हात ठेवला. मी खाली मान घालून माझ्या चपला बघत होते, त्या नीट दिसत नव्हत्या.

"म्या सदरा काडून ठेवला," आई म्हणाली. "आन सकाळी उठवाय गेले."

वळणावर पुढची गाडी दिसली. अगदी रिकामी होती. आमच्यासमोर येऊन थांबली, दार उघडलं, उषाबाईंनी आतून हाक मारली, "चला काकू." आई अजून सांगतच होती, हात कसा गार लागला ते. ती उठली नाही, मामाही उठला नाही. मी मान वर केली आणि हाताने गाडीला पुढे जायची खूण केली.